विश्लेषण : विमान प्रवासातले ‘गोल्ड स्टेटस’ नेमके कोणाच्या मालकीचे?

विमान कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आपल्या नावाखाली एक अर्धवट भरलेले वर्तुळ असते. ‘गोल्ड होण्यासाठी आणखी ४,२०० पॉइंट’ असे काहीतरी त्याखाली लिहिलेले असते. वर्ष संपत आले की हे वर्तुळ अनेकांना स्वस्थ बसू देत नाही. एरवी पुण्याहून मुंबईला जाताना शिवनेरीऐवजी साधी एसटी घेऊन पैसे वाचवणारा माणूस मग पुणे-दिल्ली-पुणे असे तिकीट शोधू लागतो. दिल्लीत त्याचे काहीही काम नसते. सकाळी जायचे, विमानतळावरच छोले-भटुरे खायचे आणि दुपारच्या विमानाने परत यायचे. जगभरातल्या नियमित प्रवाशांमध्ये याला ‘माइलेज रन’ असे नावही आहे.

पूर्वी हा छंद परदेशी प्रवाशांचा आणि बड्या कंपन्यांच्या संचालकांचा होता. आता हिंजवडीतले सल्लागार, दर आठवड्याला बेंगळूरुला जाणारे प्रकल्प व्यवस्थापक, वर्षातून तीन-चारदा दुबईला जाणारे व्यापारी, सगळेच या मोजदादीत आले आहेत. देशांतर्गत प्रवाशांत ६० टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोने अनेक वर्षे असा कार्यक्रम ठेवलाच नव्हता. २०२४ मध्ये तिनेही ‘ब्लूचिप’ सुरू केला आणि त्यात ब्लू ३, ब्लू २, ब्लू १ अशा पायऱ्या आणल्या. त्यामुळे ‘स्टेटस मिळवावे का आणि टिकवावे का’ हा प्रश्न आता बऱ्याच मराठी घरांतला झाला आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. कंपनीच्या पैशाने फिरताना ते आपोआप मिळत असेल तर जरूर घ्यावे. स्वतःच्या खिशातून शेवटचा टप्पा विकत घेणे मात्र बहुतेक वेळा तोट्याचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या अटींवर हे स्टेटस दिले जाते त्या इतक्या एकतर्फी आहेत की त्यांकडे ग्राहकहक्काचा प्रश्न म्हणून पाहायला हवे.

पॉइंट वेगळे, स्टेटस वेगळे

या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. प्रवास केल्यावर किंवा कार्ड वापरल्यावर जे पॉइंट किंवा माइल जमा होतात ते एक प्रकारचे चलन आहे. त्यातून पुढचे तिकीट काढता येते, कधी वरच्या वर्गाची जागा मिळते. स्टेटससाठी मोजले जाणारे पॉइंट मात्र वेगळ्या खात्यात जातात. ते खर्च करता येत नाहीत. ठरावीक मुदतीत ठरावीक आकडा गाठला की सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पायरी मिळते आणि मुदत संपली की मोजणी बहुतेक ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये १२ महिन्यांत २५,००० एलिट माइलवर सिल्व्हर आणि ५०,००० वर गोल्ड मिळते. एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्‌स’मध्ये २५,००० टियर माइल किंवा २५ उड्डाणांवर सिल्व्हर, ५०,००० माइल किंवा ५० उड्डाणांवर गोल्ड. आकडे सारखे दिसले तरी एका माइलची व्याख्या प्रत्येकाची वेगळी. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांना तिकिटाच्या प्रकारानुसार वेगवेगळे टियर माइल मिळू शकतात. सगळ्यात स्वस्त तिकिटावर बहुधा सगळ्यात कमी.

मिळते काय? चेक-इनची वेगळी रांग, आधी बोर्डिंग, जास्तीचे सामान, लाउंज, पट्ट्यावर आधी येणारी बॅग, आणि उड्डाण रद्द झाले तर थोडी लवकर दाद. स्टार अलायन्स या गटात गोल्ड असलेल्याला गटातल्या इतर कंपन्यांच्या विमानातही २० किलो किंवा एक नग जादा सामान नेता येते आणि सोबत प्रवास करणाऱ्या एका पाहुण्यासह लाउंजमध्ये जाता येते. एअर इंडिया २०१४ पासून या गटात आहे. अमेरिकेला जाताना लोणची, पापड, मेतकूट आणि येताना सगळ्या नातेवाइकांच्या भेटवस्तू आणणाऱ्यांना त्या २० किलोंची किंमत वेगळी सांगायला नको.

अंतराकडून पैशाकडे

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमान भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण सुटले आणि कंपन्यांत भाड्यांची स्पर्धा सुरू झाली. एका कंपनीचे आसन दुसऱ्या कंपनीच्या आसनासारखेच, मग प्रवाशाला बांधून कसे ठेवायचे? मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ हा कार्यक्रम आणला. काही दिवसांतच युनायटेडने आपला ‘माइलेज प्लस’ आणला. हिशेब सोपा होता. जितके मैल उडाल तितके माइल. लांब उडणाऱ्याचा मान मोठा.

पण अंतर हे कंपनीच्या नफ्याचे माप नाही. तीन महिने आधी स्वस्त तिकीट काढून तीन ठिकाणी विमान बदलत जाणाऱ्याला जास्त मैल मिळत आणि आदल्या रात्री दामदुप्पट भाडे देऊन थेट जाणाऱ्याला कमी. माइलेज रन करणारे नेमके हेच छिद्र शोधून काढत. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने पॉइंट भाड्याच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी अमेरिकन त्याच वाटेने गेली. नंतर स्टेटसचे मापही बदलले.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने जाहीर केले की २०२४ पासून स्टेटससाठी फक्त खर्च मोजला जाईल आणि सर्वोच्च ‘डायमंड’ पायरीसाठी वर्षाला ३५,००० डॉलर लागतील. निष्ठावान म्हणवणारे प्रवासीच चिडले. काही दिवसांत कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी अटलांटातल्या एका कार्यक्रमात आपण फार पुढे गेलो असल्याचे मान्य केले आणि आकडा २८,००० डॉलरवर आला. म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २३ लाख रुपये. ही सवलत होती, हे लक्षात ठेवा.

ब्रिटिश एअरवेजने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस असाच निर्णय जाहीर केला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. आधी मार्ग आणि वर्गानुसार टियर पॉइंट मिळत आणि १,५०० पॉइंटवर गोल्ड होत असे. आता पात्र खर्चाच्या एका पौंडाला एक पॉइंट आणि गोल्डसाठी २०,००० पॉइंट. ओरड झाल्यावर तिनेही काही जादा पॉइंटांची मलमपट्टी केली. भारतात एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये ‘फ्लाइंग रिटर्न्स’ची फेरमांडणी करून पॉइंट अंतराऐवजी खर्चाशी जोडले. पुढे कार्यक्रमाचे नावच ‘महाराजा क्लब’ झाले.

सगळेच या रांगेत नाहीत. लुफ्तान्झाच्या ‘माइल्स अँड मोअर’मध्ये २०२४ पासून नवी पॉइंट पद्धत आली. ती भाड्याकडे थेट पाहत नाही, प्रवास खंडाच्या आत की बाहेर आणि कोणत्या वर्गाने, यावर पॉइंट ठरतात. तिकडे सेनेटर पायरीसाठी २,००० पॉइंट लागतात. पण एकूण वारा कुठे वाहतो आहे ते स्पष्ट आहे.

यात चूक काय, असे कोणी विचारेल. जो जास्त पैसे देतो त्याला जास्त मान, हे तर किराणा दुकानातही होते. मुद्दा असा आहे की विमान प्रवासात पैसे देणारा आणि मान घेणारा हे अनेकदा वेगवेगळे असतात.

तळे राखी तो पाणी चाखी

छत्रपती संभाजीनगरचा एखादा लघुउद्योजक घ्या. यंत्रांच्या सुट्या भागांसाठी तो वर्षातून तीस वेळा उडतो, प्रत्येक तिकीट दीड महिना आधी, सगळ्यात स्वस्त बघून काढतो. दुसरीकडे मुंबईतला एक सल्लागार. त्याची कंपनी ग्राहकाच्या सोयीने आदल्या दिवशी, बदलता येणारे महागडे तिकीट काढते. खर्चावर आधारलेल्या पद्धतीत हा सल्लागार निम्म्याहून कमी प्रवासांत उद्योजकाच्या पुढे निघून जातो. विमानात जास्त वेळ काढणारा, उशीर सोसणारा, कंपनीला वर्षानुवर्षे धंदा देणारा प्रवासी मागे. जो आपले पैसे जपून खर्च करतो त्याला शिक्षा आणि जो दुसऱ्याचे पैसे सढळपणे खर्च करतो त्याला बक्षीस, असा हा हिशेब आहे. एमिरेट्ससारख्या काही कार्यक्रमांत उड्डाणांच्या संख्येची वाट खुली आहे, ती अशा उद्योजकाच्या कामाची. पन्नास उड्डाणांची अट बघता तीही रुंद नाही.

आणि खरे तर निष्ठा तरी कसली? नाशिक किंवा कोल्हापूरसारख्या विमानतळावरून निवड एक-दोन कंपन्यांचीच असते. तिथला प्रवासी त्याच कंपनीने उडतो, कारण दुसरे विमान नाही. त्याच्या वर्तुळाला निष्ठा म्हणणे म्हणजे गावात एकच दवाखाना असताना रुग्णाच्या विश्वासाचे कौतुक करण्यासारखे आहे.

कर्मचाऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडते. तिकीट कंपनीचे, पॉइंट त्याचे. मग दीड हजार रुपये स्वस्त असलेले दुसऱ्या कंपनीचे विमान ‘वेळेला सोयीचे नाही’ ठरते. विमान कंपन्यांना हेच हवे असते. भाड्यात सवलत दिली तर ती मालकाला मिळते, स्टेटस दिले तर ते थेट निर्णय घेणाऱ्याच्या खिशात जाते. एरवी अशा व्यवहाराला आपण वेगळा शब्द वापरला असता.

हा फक्त तात्त्विक वाद नाही. २००२ च्या उन्हाळ्यात जर्मनीत अधिकृत दौऱ्यांवर मिळालेले बोनस माइल राजकारण्यांनी खासगी प्रवासासाठी वापरल्याचे प्रकरण गाजले. बर्लिनच्या सरकारात अर्थव्यवस्था खाते सांभाळणारे ग्रेगोर गिझी यांनी पद सोडले, ग्रीन पक्षाचे चेम ओझ्देमिर यांनाही पायउतार व्हावे लागले. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचना स्पष्ट आहेत. सरकारी प्रवासातून मिळालेले माइलेज पॉइंट त्या विभागाच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, खासगी वापर केला तर विभागीय कारवाई. पण हा नियम पॉइंटांचा. लाउंजमधल्या खुर्चीचा हिशेब सरकारला कसा मागता येणार? खासगी कंपन्या तर बहुतेक वेळा या प्रश्नाकडे काणाडोळाच करतात. आठवड्यातले चार दिवस घराबाहेर काढणाऱ्या कर्मचाऱ्याला तेवढा तरी विसावा मिळू दे, असा त्यामागे विचार असावा. त्यात तथ्य आहे. फक्त तो विसावा पगारपत्रकात दिसत नाही आणि नोकरी बदलली की वर्षभरात निघून जातो.

न उडताही गोल्ड

या सगळ्यात विमान कंपनीला एवढा रस का, याचे उत्तर २०२० मध्ये उघडपणे मिळाले. कोविडमुळे विमाने जमिनीवर होती, तिकीट विक्री जवळपास थांबली होती. कर्ज काढायला तारण काय ठेवायचे? युनायटेडने माइलेज प्लस तारण ठेवला. डेल्टाने आपला ‘स्कायमाइल्स’ तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले, मार्च २०२१ मध्ये अमेरिकनने १० अब्ज डॉलर. विमानांपेक्षा सदस्यांची यादी अधिक भरवशाची ठरली. कारण या कार्यक्रमांचा मोठा गिऱ्हाईक प्रवासी नसून बँक असते. बँका क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी विमान कंपनीकडून माइल विकत घेतात. २०२३ मध्ये एकट्या अमेरिकन एक्स्प्रेसकडून डेल्टाला सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले.

म्हणून २०२२ मध्ये अमेरिकनने स्टेटससाठी ‘लॉयल्टी पॉइंट’ आणले. त्यात कार्डावरच्या खरेदीचे पॉइंटही धरले जातात. त्यांच्या ‘एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम’ला २,००,००० पॉइंट लागतात आणि ते गाठताना विमानात पाऊल ठेवलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडेही अ‍ॅक्सिस बँकेच्या विस्तारा इन्फिनिट कार्डावर क्लब विस्ताराचे गोल्ड सदस्यत्व कार्डासोबतच मिळत असे. वारंवार उडणाऱ्यांसाठीचा मान न उडणाऱ्यालाही मिळू लागला की लाउंजच्या दारात रांग लागणारच. लाउंजमध्ये उभे राहून पोहे खाणारे प्रवासी पाहिले की हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मग बँकाही कार्डावर लाउंज देताना तिमाही खर्चाच्या अटी घालतात.

कार्यक्रमावर मात केल्याची एक गोष्ट मला आवडते, मुख्यतः तिचा नायक अभियंता आहे म्हणून. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातले स्थापत्य अभियंता डेव्हिड फिलिप्स यांच्या लक्षात आले की एका खाद्य कंपनीच्या वेष्टनांवर माइल मिळत आहेत आणि त्या माइलची किंमत वेष्टनातल्या पदार्थापेक्षा जास्त आहे. त्यांनी सुमारे ३,००० डॉलर खर्चून पुडिंगचे १२,१५० कप घेतले. पुडिंग धर्मादाय संस्थेला दिले, तिथल्या स्वयंसेवकांनी वेष्टने सोलून दिली. साडेबारा लाखांच्या आसपास माइल जमा झाले आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडल्याने त्यांना अमेरिकनचे तहहयात गोल्डही मिळाले. अशी छिद्रे आता फारशी उरलेली नाहीत.

वर्तुळ पूर्ण करायचा मोह का होतो?

जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ यांचा २००६ मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका कार वॉश केंद्रात ३०० ग्राहकांना शिक्क्यांची कार्डे दिली. निम्म्यांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड, निम्म्यांना दहा शिक्क्यांचे पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही फुकट धुलाईसाठी आठच वेळा यायचे होते. कोरे कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले, दोन शिक्के भेट मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. सुरुवात झाली आहे असे वाटले की माणूस शेवट गाठतो. अ‍ॅपमधले वर्तुळ, ‘स्वागताचे’ पॉइंट, दुप्पट पॉइंटांचे महिने, हे सगळे त्या दोन शिक्क्यांचे भाऊबंद.

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ‘स्टेप फंक्शन’ शिकवतात. एका बिंदूपर्यंत किंमत शून्य, तो ओलांडला की एकदम एक. स्टेटस अगदी तसे आहे. ४९,९९९ माइलला गोल्डचे काहीही मिळत नाही, ५०,००० ला सगळे मिळते. त्यामुळे शेवटचे काही पॉइंट अमूल्य वाटतात आणि त्यासाठी आपण जे देतो त्याचा हिशेब करत नाही.

तो करून बघू. समजा, गोल्डसाठी कमी पडणारे पॉइंट एका पुणे-दिल्ली-पुणे फेरीत मिळतात आणि ती फेरी ११,००० रुपयांना पडते. पुढच्या वर्षी स्वतःच्या पैशाने तुम्ही सहा जाऊन-येऊन प्रवास करणार आहात. बारा वेळा लाउंजमध्ये बसलात आणि एरवी विमानतळावर चहा-नाश्त्याला प्रत्येकी ५०० रुपये गेले असते असे धरले, तर वाचले ६,०००. जादा सामान दोनदा लागले, प्रत्येकी २,५०० धरा, झाले ५,०००. बेरीज बरोबर ११,०००. म्हणजे अगदी उदार हिशेबाने बरोबरी, वर एक रविवार गेला. आता खिशातल्या क्रेडिट कार्डावर लाउंज आधीच मिळत असेल, किंवा सहापैकी चार प्रवासांत केवळ केबिन बॅगच असेल, तर गणित सरळ तोट्यात जाते. कंपनीच्या कामाचे प्रवास या बेरजेत धरू नका. तिथले जादा सामान आणि जेवण कंपनीच देते.

हिशेब उलटा पडतो तो लांब पल्ल्याच्या, अलायन्समधल्या प्रवासात. वर्षातून दोनदा अमेरिका आणि चार-पाच वेळा सिंगापूर-फ्रँकफर्ट करणाऱ्याने सगळी उड्डाणे एकाच कार्यक्रमात जमा करावीत. एअर इंडिया, सिंगापूर, लुफ्तान्झा, युनायटेड या सगळ्यांवरचा प्रवास स्टार अलायन्समधल्या कोणत्याही एका खात्यात टाकता येतो, आणि चार खात्यांत चार सिल्व्हर जमवण्यापेक्षा एका खात्यात एक गोल्ड कधीही बरे. खाते कोणत्या कंपनीत आहे यावर गमतीदार फरक पडतात. अमेरिकेतल्या अंतर्गत विमान प्रवासात युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला केवळ त्या स्टेटसवर युनायटेड क्लब लाउंज मिळत नाही, पण गटातल्या परदेशी कंपनीच्या गोल्ड सदस्याला मिळते. न्यू जर्सीत राहून देशांतर्गत फिरणाऱ्या मराठी मंडळींनी हे जरूर तपासावे.

वर्षातून एकदा मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांनी मात्र या फंदात पडू नये. दुबईमार्गे अमेरिकेच्या एका फेरीत उड्डाणे होतात चार. एमिरेट्सच्या कुटुंब खात्यात खर्च करण्याचे माइल एकत्र करता येतात, टियर माइल एकत्र होत नाहीत. मुलाच्या गोल्डचा उपयोग तो सोबत असेल तेव्हाच. त्यांनी कमी थांब्यांचे, कमी भाड्याचे तिकीट घ्यावे आणि व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती मिळायला कोणतेच स्टेटस लागत नाही.

दिलेले परत घेता येते

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतले रब्बी बिन्यामिन गिन्सबर्ग हे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे प्लॅटिनम एलिट सदस्य होते. २००८ मध्ये कंपनीने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले. कारण, ते तक्रारी फार करतात. काही महिन्यांत २४ तक्रारी, त्यातल्या नऊ सामान उशिरा आल्याच्या, अशी मोजदाद कंपनीने पत्रात दिली होती. कार्यक्रमाच्या अटींत ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ सदस्यत्व काढण्याचा अधिकार होता. कंपनीने हा अधिकार सद्‌भावनेने वापरला नाही, असे म्हणत गिन्सबर्ग न्यायालयात गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि एप्रिल २०१४ मध्ये सर्व न्यायमूर्तींनी एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भाडी मुक्त करणारा १९७८ चा तोच कायदा राज्यांच्या कायद्यांखालच्या अशा दाव्याच्या आड येतो, असे न्यायालयाने म्हटले. ज्या कायद्यामुळे हे कार्यक्रम जन्माला आले त्याच कायद्याने त्यांना कवचही दिले.

मुंबईकरांना दुसरे उदाहरण जवळचे आहे. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे अमृतसर-मुंबई विमान उतरले आणि कंपनी थांबली. जेटप्रिव्हिलेजचे गोल्ड आणि प्लॅटिनम सदस्य दुसऱ्या दिवशी काय होते? कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता, त्यात २०१४ पासून एतिहादचा ५०.१ टक्के वाटा होता. त्यामुळे जमा झालेले माइल वाचले, त्याच वर्षी कार्यक्रमाचे नाव ‘इंटरमाइल्स’ झाले. पण प्लॅटिनमची रांग ज्या काउंटरसमोर लागायची तो काउंटरच उरला नव्हता. पॉइंट आणि स्टेटस यांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसणार? विस्ताराच्या सदस्यांचे नशीब बरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली आणि सदस्य नव्या कार्यक्रमात सामावले गेले. तेही मालक टाटांचाच असल्यामुळे, कोणत्या नियमामुळे नव्हे.

अटी बदलणे हा कंपनीचा हक्क आहे, हे मान्य. पण वर्षाच्या मध्यावर माप बदलणे आणि पुढच्या वर्षाचे माप आधी सांगून बदलणे यांत फरक आहे. ग्राहकाने पैसे एका वचनावर आधीच खर्च केलेले असतात. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडून त्यांच्या कार्यक्रमांची, त्यातल्या पॉइंटांचे मोल घटवण्याची माहिती मागवली होती. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम बोर्डिंग नाकारणे, उड्डाण रद्द होणे, परतावा यांवर तपशिलाने बोलतात. त्यांत तीन ओळींची भर पुरेशी आहे. स्टेटसची अट बदलायची तर चालू मुदत संपल्यावरच. मिळालेली पायरी काढायची तर लेखी कारण आणि उत्तर देण्याची संधी. आणि तक्रार केली हे कारण कधीच चालणार नाही.

तोवर एक दार उघडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही कल्पना आली आहे. योग्य कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा हक्क एकाच पक्षाला देणारी अट तिच्या व्याख्येत बसते आणि त्याविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे जाता येते. फुकट दिलेल्या मानाचा करार कसला, असा युक्तिवाद विमान कंपनी करेल. त्यावर तिकिटांची बिले आणि ‘गोल्ड होण्यासाठी आणखी ४,२०० पॉइंट’ असे सांगणारे अ‍ॅपमधले संदेश पुरावा म्हणून पुढे ठेवता येतील. त्यामुळे असे संदेश आणि अटींची त्या दिवशीची प्रत जपून ठेवावी. अटींचे पान कंपनी बदलते तेव्हा जुने पान सहसा सापडत नाही.